बारा दातांची चकती

२०२२ च्या श्रावणातील एका सकाळी आमच्या सौ. देवपूजा आटोपून बाहेरच्या खोलीत आल्या, तेव्हा मी सायकल दोन्ही हातांनी उचलून, छातीशी धरून वजनकाट्यावर उभा होतो. सायकल समोर धरली की काट्यावरचा आकडा दिसत नव्हता, आणि बाजूला धरली की तोल जात होता.

"अहो, हे कुणाचे वजन चालले आहे?"

"सायकलचे."

"मग तुम्ही कशाला चढलात वर?"

मी मुख्याध्यापकी शांतपणाने समजावून सांगितले, की आधी आपले एकट्याचे वजन करायचे, मग सायकलसकट करायचे आणि दुसऱ्यातून पहिले वजा करायचे. त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे तुम्ही वजा झालात की सायकल उरते. ते मला दीड वर्षापासून ठाऊक आहे," असे म्हणून त्या चहा टाकायला निघून गेल्या.

वजाबाकी १०.९ किलो आली. सायकल नवी आणली तेव्हा ती ११.४ होती. म्हणजे दीड वर्षात मी अर्धा किलो उतरवला होता, स्वतःचा नव्हे, सायकलचा. आणि त्या अर्ध्या किलोपायी सतरा-अठरा हजार रुपये घातले होते. काट्यावर माझे स्वतःचे ७८ किलो अगदी जसेच्या तसे उभे होते. त्यातले अर्धा किलो कमी करायला एक पैसाही लागला नसता, एक वेळचा भात सोडला असता तरी पुरे होते. पण माणसाला जे फुकट जमते त्यात त्याचे मन रमत नाही.

हे वेड कसे लागले ते सांगतो. करोनाची पहिली लाट ओसरत असताना डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडा पाहून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. गुडघे जपायचे तर चालण्यापेक्षा सायकल बरी, असे ते म्हणाले. बस्स, एवढेच. आपल्या जिन्याखाली वडिलांची ॲटलस उभी आहे, तिला हवा मारून तीच काढावी, हा विचार त्या क्षणी मला का सुचला नाही, ते आजही सांगता येत नाही. सुचले ते असे की, पुण्यातले माझे दोन माजी विद्यार्थी बारीक चाकांच्या, खाली वळलेल्या मुठींच्या सायकलींवरून सिंहगडाला जातात आणि त्याची छायाचित्रे मला पाठवतात.

२०२१ च्या फेब्रुवारीत मी तसली सायकल घेतली. त्या काळी जगभर सायकलींचा दुष्काळ पडला होता. टाळेबंदीत सगळ्यांनाच सायकल चालवावीशी वाटू लागली होती, आणि कारखाने व बंदरे मात्र अडखळत चालली होती. दुकानात माझ्या मापाची सायकल नव्हती. एक माप मोठी होती. "चालेल सर, थोडे वाकावे लागेल इतकेच," असे दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली. किंमत ४२,००० रुपये. घरी मी २४,००० सांगितली. तीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवल्यानंतर हा आकडा माझ्या तोंडून इतक्या सहजपणे बाहेर पडला की मलाच नवल वाटले.

ज्यांच्या मनात अशी सायकल घ्यायचे असेल त्यांना अनुभवाचा एक बोल सांगून ठेवतो: चपलेचे माप चुकले तर पाय बोलतो, सायकलचे माप चुकले तर मान, खांदे, मनगटे, कंबर, सगळी भावकी एकदम बोलू लागते. मग माणूस सुटे भाग बदलायला लागतो. मुठींचा दांडा पुढे फार लांब पडतो म्हणून तो धरणारा आखूड तुकडा, म्हणजे स्टेम, बदलला. सीट टोचते म्हणून लुसलुशीत गादीची घेतली. तिने मांड्या घासू लागल्या म्हणून अरुंद आणि कडक घेतली. याला मी लोकांसमोर 'सुधारणा' म्हणत असे. खरे तर ते पहिल्या दिवशीच्या चुकीचे प्रायश्चित्त होते आणि मी ते हप्त्याहप्त्याने घेत होतो.

मग पायडल. या सायकलींच्या पायडलात बुटाचा तळवा खटकन अडकतो आणि टाच बाहेर फिरवली की सुटतो. बर्फावर घसरायच्या फळ्यांना पाय अडकवायची जी युक्ती होती, तिच्यावरून लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ साली हे पायडल आणले आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोने त्यावर तूर द फ्रान्स जिंकली. गंमत म्हणजे इंग्रजीत या अडकणाऱ्या पायडलाला 'क्लिपलेस', म्हणजे बिनक्लिपचे म्हणतात. पूर्वी पायाच्या चवड्यावर पट्टा असे, त्याला क्लिप म्हणत. तो पट्टा गेला म्हणून हे बिनक्लिपचे. मराठीचा एम. ए. या नात्याने मला या नावाचे कौतुक वाटले. पण आरपीडी क्रॉसला पोलिसाने हात केला, मी थांबलो आणि पाय काही केल्या सुटेना, तेव्हा कौतुक ओसरले. माणूस थांबलेल्या सायकलवरून पडतो तेव्हा फार सावकाश पडतो. आपण पडत आहोत हे पाहायला भरपूर वेळ मिळतो, आणि पाहणाऱ्यांनाही मिळतो. पोलीस धावत आला. "एनाय्तु सर?" त्याच्यामागे नववीच्या वर्गातल्या तीन मुली क्लासला चालल्या होत्या. त्यांनी तोंडावर ओढण्या धरल्या आणि फार आदराने दुसरीकडे पाहिले.

या सगळ्या खरेदीत एकच खरेदी निखालस शहाणपणाची ठरली, ती टायरची. सायकलबरोबर २५ मिलिमीटर रुंदीचे टायर आले होते. पूर्वी समजूत अशी होती की टायर जितका अरुंद आणि हवा जितकी कडक, तितका वेग जास्त. अलीकडे शर्यतवाल्यांनीच ती सोडून दिली आहे. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उसळतो, आणि प्रत्येक उसळीत पुढे जायची शक्ती वर उडून वाया जाते. म्हणून २८ मिलिमीटरचे घेतले आणि हवा थोडी कमी ठेवली. खानापूर रोडवरच्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्याला ते माझ्यापेक्षा जास्त समजूतदारपणाने सामोरे जातात. कोणी मला विचारले तर मी सांगेन: आधी अंगाचे माप, मग टायर, आणि त्यानंतर पाकीट खिशात घालून घरी जा.

मी गेलो नाही. कारण मध्ये शिमानोची श्रेणी आड आली.

ओसाकाजवळच्या साकाई गावात १९२१ साली शोझाबुरो शिमानो नावाच्या माणसाने सायकलचे फ्रीव्हील बनवायला सुरुवात केली. मागच्या चाकाचे ते दातेरी चाक, जे पायडल थांबले तरी 'टिकटिक' करत मोकळे फिरते, तेच. साकाई हे पूर्वीपासून तलवारी आणि सुऱ्यांच्या लोहारकामाचे गाव. त्या एका फ्रीव्हीलचा आज केवढा वटवृक्ष झाला आहे! मी सायकल घेतली तेव्हा त्यांच्या रोड सायकलींच्या भागांची उतरंड अशी होती: सगळ्यांत खाली क्लॅरिस, मागे ८ चकत्या, मग सोरा, ९, टियाग्रा, १०, मग १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस, या तिघांना ११. आयुष्यभर सेवाज्येष्ठतेच्या याद्या आणि वेतनश्रेण्या पाहिलेल्या माणसाला ही उतरंड एका दृष्टिक्षेपात कळते. माझ्या सायकलवर क्लॅरिस होते. म्हणजे मी या खात्यात नुकताच रुजू झालेला प्राथमिक शिक्षक होतो. आणि शिक्षकाला एकदा वरची श्रेणी दिसली की झोप लागत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

निमित्त राजहंसगडाचे झाले. येळ्ळूरच्या पुढे किल्ल्याचा चढ लागतो, तिथे माझे पाय थांबत. पुढे ३४ दातांची चकती, मागे सर्वांत मोठी २८ दातांची. आमच्या गणिताच्या शिक्षकांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. या जोडीत पायडलच्या एका फेऱ्याला सायकल सुमारे २ मीटर ५९ सेंटिमीटर पुढे जाते. मागे २८ ऐवजी ३२ दात घातले तर २ मीटर २६. फेऱ्यामागे ३३ सेंटिमीटर कमी, म्हणजे तेवढा चढ हलका. सहज म्हणून मी त्यांना वडिलांच्या ॲटलसचा हिशेब करायला सांगितला. पुढे ४४, मागे १८, चाक अठ्ठावीस इंची. साडेपाच मीटरला थोडे कमी! चढ असो, उतार असो, समोरून वारा असो, एका फेऱ्याला साडेपाच मीटर. वडील खानापूर तालुक्यातल्या शाळेवर रोज त्याच एका गिअरवर जात. चढ आला की खाली उतरत आणि सायकल हातात धरून चालत. त्यात काही कमीपणा आहे असे त्यांना कधी वाटल्याचे मला आठवत नाही.

खरे तर माझे काम तीन-चार हजारांत झाले असते. मागच्या चकत्यांचा जुडगा, म्हणजे कॅसेट, ३२ ची घ्यायची आणि साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा डिरेलर लांब पिंजऱ्याचा घ्यायचा. पण २०२२ मध्ये शिमानोने १०५ सुद्धा १२ चकत्यांचे केले, आणि ते आधी विजेवर चालणारे काढले. त्याबरोबर हौशी मंडळींची जुनी ११ चकत्यांची १०५ विकायला निघाली. पुण्याच्या एका तरुणाचा पूर्ण संच, दोन्ही मुठींचे ब्रेक-गिअर, पुढचा-मागचा डिरेलर, ३२ ची कॅसेट आणि नवी साखळी, २१,५०० रुपयांना मिळत होता. प्राथमिक शिक्षकाला एकदम विस्तार अधिकारी होण्याची ही संधी होती. २०२३ च्या सप्टेंबरात खोके शाळेच्या पत्त्यावर आले. घरच्या पत्त्यावर का नाही, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

एका रविवारी गच्चीवर बसून जुनी कॅसेट काढली, नवी चढवली, वरची कुलूप-रिंग फिरवली. ती आटेच धरेना. पुन्हा काढली, पुसली, पुन्हा चढवली. तेच. रात्री वाचून पाहिले तेव्हा उमगले की ११ चकत्यांची रोड कॅसेट बसण्यासाठी चाकाचा तुंबा जेवढा लांब लागतो, त्यापेक्षा माझा तुंबा १.८ मिलिमीटरने आखूड आहे. पैशांच्या थप्पीत एखादे नाणे कमी पडावे एवढे अंतर! म्हणजे आता चाक बदला. चाक एकटे मिळत नाही, जोडी घ्या. जोडी घ्यायची तर मग चांगलीच घ्या. लग्नात नुसत्या मुलीला साडी घेऊन भागत नाही, मावश्या-आत्यांपर्यंत जावे लागते, तसे हे प्रकरण आहे. पंधरा हजारांच्या चाकांसमोर मी रात्री अकरा वाजता बोट उगारून बसलो होतो. एवढ्यात आतून हाक आली, "झोपायचे नाही का?" आणि ते बोट वाचले.

दुसऱ्या दिवशी मनात एकच नाव आले. आणि त्या नावापाशी जायची मला लाज वाटत होती.

शहापूरच्या एका बोळात अण्णांचे सायकलचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळकूट, वर टांगलेल्या रिमा, खाली पाण्याची परात आणि भिंतीला काळ्या ग्रीसने माखलेली, नेमक्या क्रमाने लावलेली पान्यांची रांग. अण्णा घरी कानडी बोलतात, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि न हलणाऱ्या नटाशी दखनी. वडिलांची ॲटलस १९७३ सालची. तेव्हा अण्णा आपल्या वडिलांच्या हाताखाली छरे मोजून ग्रीसमध्ये बसवायला शिकत होते. पुढे दरवर्षी खंडेनवमीच्या आधी ॲटलस तिथे 'ओव्हरऑइल'ला जात असे. मूळ शब्द ओव्हरहॉल, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. पण सगळे भाग सुटे करून, रॉकेलमध्ये धुऊन, तेल-ग्रीस देऊन पुन्हा जोडायचे, या कामाला ओव्हरऑइल हाच शब्द जास्त खरा आहे असे माझे आजही मत आहे. चाकाचा आऊट काढताना अण्णा स्पोक बोटाने छेडून त्यांचा आवाज ऐकत. मी शाळकरी पोर, तिथे तास न् तास बसून असे.

त्यांचा धंदा मी डोळ्यांदेखत उतरताना पाहिला आहे. स्कूटी आल्या तसा कमी झाला. मग २००६-०७ पासून कर्नाटक सरकारने आठवीच्या मुलामुलींना फुकट सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हा जरा जीव धरला. त्या सायकली घट्ट करायला, त्यांचे ब्रेक धड लावायला आमच्या शाळेतूनही अण्णांनाच बोलावणे जाई. करोनाच्या साली ती योजना थांबली. आणि त्यानंतरच्याच वर्षी मी माझी सायकल घेतली. अण्णांना न विचारता घेतली. पुढचे सुटे भाग टपालाने मागवले, गच्चीवर स्वतः बसवले. त्या दिवसापासून मी त्या बोळातून जाणे सोडले. दोन-अडीच वर्षे कपिलेश्वरावरून वळसा घालून जात होतो. लोकांना सांगायचो, तेवढाच व्यायाम.

घटस्थापनेचा रविवार होता. मी सायकल आणि खोके घेऊन गेलो.

"बर्री सर, कुंद्री," अण्णा म्हणाले. जणू मी कालच येऊन गेलो होतो. सायकलकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बसून दावा बघू."

मी चढून बसलो. ते खांबासारखे सायकल धरून उभे राहिले. "टाच पायडलवर ठेवा. खाली सोडा. पाय सरळ व्हायला पायजे." पाय सरळ होत नव्हता, गुडघा वाकलेलाच राहत होता. अण्णांनी सीटचा बोल्ट सैल केला, दोन बोटे वर घेतली, पुन्हा आवळली. तीन सीटा बदलून जे दुखणे गेले नव्हते, ते त्या दोन बोटांनी निम्मे गेले. मोठ्या शहरांत हेच माप घ्यायला तीन-चार हजार मोजतात, असे मी म्हणालो. "हौद्री," अण्णा म्हणाले, "आमी घेटलं असतं तर तुमी दिलं असतासा काय?"

मग त्यांनी नवी कॅसेट हातात घेतली. असले काही त्यांनी पूर्वी हाताळले नसावे. त्यांनी ती तुंब्यावर सरकवली, रिंग लावून पाहिली, काढली. खिशातून शाळेची फूटपट्टी काढली, लाकडी, कुठल्या मुलाची राहून गेलेली. तिने आधी जुनी साखळी मोजली. मला नवल वाटले, तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. साखळीची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. चोवीस कड्या म्हणजे बरोबर एक फूट. फुटाच्या पुढे इंचाचा सोळावा भाग सरकली की साखळी संपली, चकत्या खायला लागते. मी विचारले, "हे मास्तरांच्या ॲटलसचे झाले. या नव्या साखळीचे?" "तिचं बी अर्धा इंचच. रुंदीला बारीक झाल्या, लांबीला त्येच." घरी जाऊन पाहिले. खरेच, शंभर वर्षांत सगळे बदलले, पण कडीची लांबी अजून तीच अर्धा इंच आहे.

पाऊण तास ते काहीच बोलले नाहीत. चकत्या एकेक सुट्या करून वर्तमानपत्रावर मांडल्या. अकरा, तेरा, चौदा… मधली एक बाजूला ठेवली, बाकीच्या तुंब्यावर चढवल्या आणि रिंग फिरवली. कर्र, कर्र, करून ती घट्ट बसली.

"धा बसत्यात. अकरा बसनात. एक भाईर ऱ्हाऊंदे."

मी घाबरलो. "पण अण्णा, मुठीचा गिअर अकराचा आहे."

"तो मोजंना अकरा. ह्यो स्क्रू आवळला की शेवटच्या खटक्याला साखळी जायचीच न्हाई." त्यांनी डिरेलरचा बारीक स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरवला, पायडल हाताने फिरवले, खटक्यागणिक साखळी एकेक चकती चढत गेली. "बाराची काढली बघा. अकरा अन् तेराच्या मधली. ती उताराला जोरात पळवायला लागती. तुमास्नी कुठं रेस मारायची हाय?"

पुढे मला समजले की ही युक्ती परदेशातले चांगले चांगले कारागीरही करतात. अण्णांना ती कोणी सांगितलेली नव्हती. त्यांनी फक्त जागा मोजली आणि जे मावत नाही ते बाहेर ठेवले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी मी दोन वर्षे वळसा घालत होतो.

"मास्तरांची गाडी कशी हाय?"

२०२१ च्या दिवाळीआधी घराला रंग काढला होता. जिन्याखाली नवी सायकल भिंतीला टांगायची होती. जुनी गंजलेली, दोन्ही टायर बसलेले. भंगारवाला दारात आला, त्याने तिला काट्याच्या आकड्याला लटकवले. २१ किलो भरली. २५ रुपये किलोने ५२५ होत होते. वरच्या पंचविसाचे सुटे नाहीत म्हणाला, पाचशेची नोट दिली. त्या नोटेत मी नव्या सायकलला पाण्याच्या बाटलीचा पिंजरा घेतला. फार हलका होता, म्हणूनच घेतला. ज्या ॲटलसने १९५१ साली सोनीपतला कारखाना काढला, तिचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनाला बंद पडला होता. ते वाचून मी शाळेत परिपाठाच्या वेळी हळहळून बोललोही होतो. त्यानंतर दीड वर्षाच्या आत हे केले.

मी अण्णांना एवढेच सांगितले, की विकली. भंगारात.

अण्णा फडक्याला हात पुसत होते. "किती भरली?"

"एकवीस किलो."

"एकवीस न्हाई भरायची. कॅरिअर, डबल स्टँड धरून बावीसाच्या वर हाय ती. काटा मारलान त्यानं."

आणि मग मान वर न करता त्यांनी हिशेब दिला. मागचे रिम शहाऐंशीला बदलले. पुढचा फोर्क ब्याण्णवला, मास्तर सांबऱ्याच्या वाटेवर पडले तेव्हा. बीबी एक्सल पंच्याण्णवला. फ्रीव्हील चार झाली. सीटचे कातडे दोनदा. पायडल तर किती झाले त्याला मोजदाद नाही. "पयली म्हणावं तर फ्रेम अन् घंटा." ते तक्रार करत नव्हते. एखाद्या जुन्या रोग्याचे कागद वैद्याने आठवावेत तसे आठवत होते. मला तेव्हा एकदम जाणवले की, वडिलांची ॲटलससुद्धा तीस वर्षे भागाभागाने बदलतच होती. मी ज्याला सुधारणा म्हणतो ते सगळे तिच्यातही झाले होते. फरक इतकाच की तिच्यातला प्रत्येक भाग आधी संपला होता आणि मग बदलला होता. माझ्या सायकलवरून उतरवलेला क्लॅरिसचा अख्खा संच खोक्यात पडला होता, आणि त्याचे काहीही बिघडलेले नव्हते.

"ह्ये सगळं किती पडलं?" अण्णांनी विचारले. मी घरी सांगितलेला आकडा सांगू लागलो, आणि मध्येच थांबून खरा सांगितला. त्यांनी शीळ वगैरे काही घातली नाही. मजुरी तीनशे घेतली. मी पाचशे पुढे केले, तर दोनशे परत दिले. क्लॅरिसचा संच मी त्यांच्यापाशी ठेवून आलो. महिन्याभराने तो येळ्ळूरच्या एका पोराच्या जुन्या सायकलवर लागलेला दिसला. विजापूर-बागलकोटकडच्या मुलांसारखे आपणही शर्यतीत उतरावे असे त्याच्या मनात आहे, म्हणे. तो मला राजहंसगडाच्या चढावर मागे टाकून गेला. मी माझ्या ३२ दातांवर होतो.

बारा दातांची चकती आता माझ्या शाळेतल्या टेबलावर असते. दाखल्यांचे अर्ज उडू नयेत म्हणून त्यावर ठेवतो. पालक विचारतात, हे काय आहे? शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनीही बोटात घालून फिरवून पाहिली.

त्या रविवारी घरी आल्यावर वडिलांची वही काढली. शाळेच्या जुन्या रोजनिशीच्या मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी सायकलचा खर्च लिहून ठेवला आहे. अण्णांनी सांगितले ते सगळे साल तिथे होते, एक फोर्क सोडून. तो त्र्याण्णवचा निघाला. शेवटची नोंद ऑगस्ट २००४ ची, थरथरत्या अक्षरात: 'वॉल्व्ह ट्यूब १'. पुढची पाने कोरी. मी त्याखाली लिहायला घेतले. सायकल ४२,०००. स्टेम, सीटा, बूट-पायडल, टायर मिळून १७,८००. संच २१,५००. मजुरी ३००. एकूण ८१,६००. वडिलांच्या वहीत नुसती खर्चाचीच बाजू होती. मी उजवीकडे एक रेघ मारून जमेची बाजू काढली आणि तिथे लिहिले: जुनी सायकल, वजन २१ किलो, अण्णांच्या मते २२, रु. ५००.

वही आता कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, निवडणूक-कामाच्या फायलींच्या मागे आहे. तिथे आमच्या सौ.चा हात पोचत नाही. दिवाळी अंक मात्र घरात आला की तो पहिल्यांदा त्याच वाचतात.